पोप फ्रान्सिस यांची इराकयात्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस इराकला जाऊन आले. आधीच्या कुठल्याही पोपचे पाय या देशाला लागले नव्हते. त्या चार दिवसांत आम्ही वसईत, घरात, टीव्हीपुढे खिळून होतो. कोरोनामुळे चर्चमध्ये मोजकीच माणसं बसवत होते, त्यामुळे आई सकाळची जपमाळही टीव्हीसमोरच करायची. पुढे तरुणांच्या वर्गात, शाळांत आणि वाचकांच्या बैठकीत या यात्रेबद्दल बोलत गेलो, तेव्हा ठिकठिकाणी तेच ते प्रश्न येऊ लागले. ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

पोप इराकमध्ये कधी आणि कुठे कुठे गेले?

५ ते ८ मार्च २०२१. शुक्रवारी बगदादला उतरले. शनिवारी नजफ, मग ऊर आणि संध्याकाळी परत बगदाद. रविवारी उत्तरेकडे अर्बिल, मोसुल, काराकोश आणि पुन्हा अर्बिल. सोमवारी सकाळी रोमकडे प्रयाण. तेव्हा त्यांचं वय ८४ होतं, सायटिकाने चालणं अवघड झालं होतं. यात्रेचं घोषवाक्य मत्तयच्या शुभवर्तमानातलं होतं: ‘तुम्ही सर्व भाऊभाऊ आहात.’

कोरोनाची साथ, वर रॉकेटहल्ले. अशा वेळी जायची एवढी निकड काय होती?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. जानेवारीत बगदादच्या बाजारात दुहेरी आत्मघाती हल्ला झाला होता. फेब्रुवारीत अर्बिलच्या विमानतळावर रॉकेटं पडली. पोप निघायच्या दोनच दिवस आधी ऐन अल-असद या लष्करी तळावर रॉकेटं आली. पोपचे इराकमधले राजदूत आर्चबिशप तर ऐन तयारीत कोरोनाबाधित झाले. पोपनी लस घेतली होती, पण त्यांच्या स्वागताला जमणाऱ्या गर्दीने घेतली नव्हती. ‘गर्दी जमवून तुम्ही साथ वाढवताय’ ही टीका मला तेव्हाही खोटी वाटली नाही, आजही वाटत नाही.

पण या यात्रेच्या मागे एक न पाळता आलेला शब्द होता. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही ज्याला आपला मूळपुरुष मानतात, त्या अब्राहामच्या ऊर या गावी पोप जॉन पॉल दुसरे यांना ख्रिस्तजन्माच्या २००० च्या जयंतीवर्षाच्या निमित्ताने जायचं होतं. सद्दाम हुसेन यांच्या सरकारशी बोलणी चालली आणि १९९९ च्या अखेरीस फिसकटली. शेवटी फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी व्हॅटिकनच्याच सभागृहात अब्राहामची आठवण करत मनाने ती यात्रा केली. इराकी ख्रिस्ती लोक वाट बघत राहिले. त्यानंतर २००३ चं युद्ध आलं, त्यामागून सुन्नी-शिया रक्तपात आला, त्यामागून ‘इस्लामिक स्टेट’. आणि वाट बघणाऱ्यांतले बहुतेक जण देश सोडून गेले.

निघायच्या आधीच्या बुधवारी फ्रान्सिस म्हणाले की, हे लोक जॉन पॉल यांची वाट बघत होते, त्यांना जाऊ दिलं गेलं नाही. एकाच लोकांचा दुसऱ्यांदा विरस करता येत नाही. दिलेला शब्द एकाचा होता, पाळला दुसऱ्याने. माझ्या मते अख्खी यात्रा या एका वाक्यात आहे.

धोका किती खरा होता, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितलं. मोसुलच्या वाटेवर स्फोटकं बांधलेली एक तरुण स्त्री आणि एक भरधाव गाडी निघाल्याची खबर ब्रिटिश गुप्तचरांनी दिली होती आणि दोन्ही हल्ले इराकी पोलिसांनी वाटेतच थांबवले, असं ते लिहितात.

इराकला धर्मांची चौफुली का म्हणतात? तो तर मुस्लिम देश आहे ना?

बहुसंख्य मुस्लिम आहेत, त्यातही शिया जास्त. पण या मातीत एकावर एक किती थर आहेत ते बघा. बायबलमधला अब्राहाम इथला. यरुशलेम पडल्यावर यहुदी लोकांना गुलाम करून नेलं ते इथल्या बाबेलला. ‘बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो’ हे स्तोत्र त्याच नद्यांचं. पुढे हजार वर्षं यहुदी विद्येची मोठी पीठं इथेच होती आणि बाबेलचा तल्मूद हा यहुदी धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ इथेच तयार झाला. संदेष्टा यहेज्केलची कबर दक्षिणेत अल-किफलला आणि नहूमची उत्तरेत अल-कोशला मानतात. योनाची कबर मोसुलला होती. मुसलमानही त्याला नबी यूनुस म्हणून मानत. जुलै २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने ती सुरुंगाने उडवली.

ख्रिस्ती धर्म इथे पहिल्या काही शतकांतच आला. येशूच्या बोलीशी नातं सांगणारी अरामी भाषा निनवेच्या मैदानातल्या गावांमध्ये लोक आजही घरात बोलतात. हजरत अलींची कबर नजफला आणि इमाम हुसेन यांची करबलाला, म्हणून जगभरच्या शियांचं काळीज इथे गुंतलेलं आहे. वाहत्या पाण्यात स्नानसंस्कार करणारे आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानला मानणारे मंदाई लोक इथे आहेत. लालिशच्या दरीत यझिदींचं मुख्य देवस्थान आहे. काकाई आहेत, थोडे जरथुश्त्रीही आहेत.

एवढे सगळे शेकडो वर्षं शेजारी राहिले. गोडीगुलाबीनेच राहिले असं नाही, पण राहिले. आपल्या आयुष्यात जे तुटलं ते हे शेजारपण.

ऊर हे खरोखर अब्राहामचंच गाव आहे का?

परंपरा तसं मानते. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम ‘खास्द्यांच्या ऊर’ नगरातून निघाला असं आहे. दक्षिण इराकमध्ये नासिरियाजवळच्या ज्या टेकाडाला आज ऊर म्हणतात, तिथे चार हजार वर्षांपूर्वी सुमेरी लोकांचं मोठं नगर होतं, यात शंका नाही. राजा ऊर-नम्मूने नन्ना या चंद्रदेवासाठी सुरू केलेला पायऱ्या-पायऱ्यांचा झिग्गुरात, म्हणजे मंदिराचा मनोरा, अजून उभा आहे. खालचा टप्पा आणि जिना आपल्याला दिसतो तो बराचसा सद्दामच्या काळात डागडुजी केलेला. मात्र तुर्कस्तानातल्या ऊर्फा शहरातही अब्राहामचं जन्मस्थान दाखवतात आणि काही अभ्यासकांचा कल तिकडे आहे. मातीतून अब्राहामच्या नावाची वीट निघालेली नाही, निघेल असंही नाही. एखाद्या जागेला लोकांनी शतकानुशतकं आपल्या बापाचं गाव मानलं की त्या मानण्यालाही वजन येतं.

ऊरला झालं काय?

वाळवंटातल्या वाऱ्यात, झिग्गुरात मागे ठेवून एक मांडव घातला होता. शिया, सुन्नी, ख्रिस्ती, यझिदी, मंदाई अशा सगळ्यांचे प्रतिनिधी एका रांगेत बसले. उत्पत्तीमधला अब्राहामच्या पाचारणाचा उतारा गायला गेला, कुराणातल्या आयती गायल्या गेल्या. मग साध्या माणसांनी आपली कहाणी सांगितली. एक ख्रिस्ती आणि एक मुस्लिम तरुण मिळून धंदा करतात, त्यांची एक. मंदाई समाजातल्या एका बाईने सांगितलं की, शेजारच्या मुस्लिम कुटुंबाला वाचवताना त्यांच्यातल्या एकाने जीव दिला. पोपनी आपल्या भाषणात या माणसाचं नाव घेतलं.

त्या भाषणातली दोन वाक्यं मी मुलांकडून पाठ करून घेतो. शत्रुत्व, अतिरेक आणि हिंसा धार्मिक हृदयातून जन्मत नाहीत, ती धर्माशी केलेली गद्दारी आहे, हे एक. आणि दुसरं, भावाबहिणींचा द्वेष करून देवाचं नाव विटाळणं ही सगळ्यात मोठी देवनिंदा. ‘देवनिंदा’ हा शब्द कुठे उच्चारला गेला ते लक्षात घ्या. ज्या देशात याच आरोपाखाली माणसं मारली गेली, तिथे त्या शब्दाचा रोख त्यांनी मारणाऱ्याकडे वळवला.

तिथे यहुदी का नव्हते? अब्राहाम त्यांचाही बाप ना?

नव्हते, आणि त्यांची रिकामी जागा खुपत होती. १९४१ च्या जूनमध्ये बगदादमध्ये यहुद्यांची कत्तल झाली, तिला फरहूद म्हणतात. १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास यहुदी विमानांनी इस्रायलला गेले. अडीच हजार वर्षांची वस्ती दोन वर्षांत उठली. आज इराकमध्ये यहुदी बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एखादा समाज असा संपल्यावर त्याचा प्रतिनिधी आणायचा कुठून? ऊरच्या सोहळ्याला उणेपणा होता तो इथे, आणि तो कोणी मंचावरून स्पष्ट शब्दांत बोलून दाखवायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

अयातुल्ला सिस्तानी कोण? त्यांची भेट एवढी का गाजली?

अली अल-सिस्तानी हे नजफचे महाअयातुल्ला, जगभरच्या कोट्यवधी शियांचे मार्गदर्शक. जन्म १९३० चा, इराणमधल्या मशहदचा. विशीत नजफला शिकायला आले ते तिथलेच झाले. धर्मगुरूंनी स्वतः राज्य चालवावं हे इराणमध्ये खोमेनींनी आणलेलं मत ते मानत नाहीत. पण २००३ नंतर इराकची घटना निवडून आलेल्या लोकांनीच लिहावी, हा आग्रह त्यांचा. जून २०१४ मध्ये मोसुल पडल्यावर देश वाचवायला हत्यार उचला, असा फतवा निघाला तोही त्यांचाच. ते चारचौघांत जवळपास येतच नाहीत. मोठमोठ्यांना त्यांची भेट मिळत नाही.

आता ६ मार्चची सकाळ डोळ्यांपुढे आणा. नजफमध्ये इमाम अलींच्या सोनेरी घुमटाजवळ रसूल रस्ता आहे. तिथल्या अरुंद गल्लीत सिस्तानी कित्येक वर्षं भाड्याच्या साध्या घरात राहतात. पोपची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे ते पायी गेले, लंगडत. दारात पांढरी कबुतरं सोडली. आत जाताना त्यांनी बूट काढले. सिस्तानी एरवी पाहुण्यासाठी उठत नाहीत. ते उठून उभे राहिले. परतीच्या विमानात पोपनी स्वतः सांगितलं: ते माझ्यासाठी दोनदा उठले.

खोलीत भिंतीला लागून साधी बैठक. एकाचा पांढरा झगा, दुसऱ्याचा काळा. चहा आला, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी आलं. पाहुण्याने पाणी घेतलं. पाऊण तास बोलणं झालं आणि जास्त वेळ बोलले ते सिस्तानी. आमच्याकडे वसईत म्हातारी माणसं म्हणतात की, ज्याच्या घरी गेलात त्याला बोलू द्यावं. पोपनी तेच केलं.

भेटीनंतर सिस्तानींच्या कार्यालयाने जे पत्रक काढलं, त्यात म्हटलं होतं की, ख्रिस्ती नागरिकांनी सगळ्या इराकी लोकांसारखंच शांततेत आणि सुरक्षित राहावं, घटनेने दिलेले सगळे हक्क त्यांना मिळावेत. आपल्याला हे वाक्य सरकारी वाटेल. पण जिथे दारावर ‘ख्रिस्ती’ अशी खूण म्हणून रंगवलेल्या एका अक्षराने माणसाचं घर जात होतं, तिथे सगळ्यात वजनदार मुस्लिम धर्मगुरूने ‘हक्क’ हा शब्द वापरला. आश्रय म्हणाले नाहीत, दया म्हणाले नाहीत. इराक सरकारने त्याच दिवशी ६ मार्च हा सहिष्णुता आणि सहजीवनाचा राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला.

हजरत अलींनी मालिक अल-अश्तरला लिहिलेल्या पत्रातलं एक वचन नजफमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं: माणसं दोन प्रकारची, एक तर तुझे धर्मबंधू, नाही तर निर्मितीत तुझ्या बरोबरीचे. मत्तयचं ‘तुम्ही सर्व भाऊभाऊ आहात’ त्या गल्लीत परकं नव्हतं.

दोघांनी करारावर सह्या केल्या का?

नाही. २०१९ मध्ये अबू धाबीला पोप आणि अल-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सही केली होती. अल-अझहर हे सुन्नींचं मोठं पीठ. नजफला कागद नव्हता, फक्त भेट होती. सगळ्याच भेटींना कागद लागत नाही.

बगदादच्या कुठल्या चर्चमध्ये गेले होते? तिथे आधी काय घडलं होतं?

करादा भागातलं ‘तारणमाते’चं सिरियाक कॅथलिक कॅथेड्रल. ३१ ऑक्टोबर २०१० ला, रविवारच्या संध्याकाळच्या मिस्सावेळी, म्हणजे सामूहिक उपासनेच्या वेळी, तिथे अतिरेकी घुसले. दोन तरुण फादरांसह ४८ भाविक मारले गेले. त्यांना संतपद मिळावं म्हणून प्रक्रिया सुरू आहे. पोप आले ते सरळ त्याच वेदीसमोर धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी बोलायला.

कॅल्डियन, सिरियाक वगैरे म्हणजे कोण? ते आपल्यासारखेच कॅथलिक का?

हो, पोपला मानणारेच. पण त्यांचे विधी आणि भाषा वेगळी. आपण वसईत लॅटिन परंपरेतली मिस्सा मराठीत करतो. कॅल्डियन लोकांची उपासना पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतली, अद्दाई आणि मारी यांच्या नावाने चालत आलेल्या फार जुन्या प्रार्थनेची. शनिवारी संध्याकाळी बगदादच्या संत योसेफ कॅथेड्रलमध्ये फ्रान्सिस यांनी या विधीने मिस्सा अर्पण केली. पोपने कॅल्डियन विधीने मिस्सा करण्याची ती पहिली वेळ. रोमचा माणूस त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या रीतीने गुडघे टेकले.

मोसुलमध्ये काय उरलं होतं?

ढिगारे. जुन्या शहरात ‘होश अल-बिया’ म्हणजे चर्चचौक आहे. वेगवेगळ्या पंथांची चार चर्चेस एका चौकात, आणि चारही मोडलेली. जून २०१४ मध्ये शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती गेलं. जुलैत ख्रिस्ती लोकांना सांगण्यात आलं: धर्म बदला, कर द्या, निघून जा, नाहीतर मरा. त्यांच्या घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगवलं, ‘नसारा’ म्हणजे ख्रिस्ती या शब्दाचं पहिलं. पण मुसलमानांचंही काही राहिलं नाही. आठशे वर्षांच्या अल-नूरी मशिदीचा कललेला मिनार, जो मोसुलकरांचा जीव की प्राण होता, तो जून २०१७ मध्ये माघार घेता घेता ‘इस्लामिक स्टेट’ने उडवून दिला.

त्या चौकात, फुटक्या भिंतींसमोर खुर्ची मांडून पोपनी प्रार्थना केली. देव जीवनाचा देव असेल तर त्याच्या नावाने भावांना मारणं योग्य नाही. देव शांतीचा देव असेल तर त्याच्या नावाने युद्ध करणं योग्य नाही. देव प्रेमाचा देव असेल तर भावांचा द्वेष करणं योग्य नाही. इतकी सोपी वाक्यं की पाचवीतल्या मुलाला कळावीत. मागे छप्पर नसलेलं चर्च दिसत होतं. आईने जपमाळ खाली ठेवली आणि नुसतीच बघत राहिली.

काराकोशचं नाव तुम्ही सारखं घेता. तिथे विशेष काय?

काराकोशला तिथले लोक बख्दीदा म्हणतात. निनवेच्या मैदानातलं ख्रिस्ती लोकांचं सगळ्यात मोठं गाव. ६ ऑगस्ट २०१४ च्या सकाळी गावात तोफगोळा पडला. अंगणात खेळणारी दोन मुलं आणि शेजारची एक तरुणी त्यात गेली. त्या आवाजाने गाव सावध झालं आणि त्याच रात्री हजारोंनी लोक अंगावरच्या कपड्यांनिशी कुर्दिस्तानकडे पळाले. मागे राहिलेलं मोठं चर्च आतून जाळलं गेलं, त्याच्या आवारात बंदुकीच्या नेमबाजीचा सराव चालला.

त्याच चर्चमध्ये, डागडुजी करून पांढऱ्या केलेल्या खांबांमध्ये पोप आले. बाहेर रस्त्याच्या दुतर्फा जैतुनाच्या डहाळ्या घेतलेले लोक, गळ्यापासून पायापर्यंत भरतकाम केलेल्या पेहरावात बाया जीभ हलवत आनंदाचा तो उंच सूर लावत होत्या. आत एक आई बोलायला उभी राहिली. त्या दोन मुलांमधला एक तिचा. तिने सांगितलं की, आमची पोरं गेली म्हणून बाकीचं गाव वाचलं. आणि म्हणाली, मी मारणाऱ्यांना क्षमा केली आहे.

विमानात पत्रकारांनी पोपना विचारलं, सगळ्यात जास्त काय भिडलं? त्यांनी याच बाईचं नाव काढलं. आपण शिव्या द्यायला किती तरबेज आहोत, क्षमा करायला विसरलोय, असं ते म्हणाले.

अजून एक गोष्ट, जी बातम्यांमध्ये फारशी आली नाही. काराकोशच्या चर्चचं एक हस्तलिखित होतं, ‘सिदरा’ म्हणतात, अरामी भाषेतल्या प्रार्थनांचं, पाचसहाशे वर्षांपूर्वीचं. युद्धाच्या धुमाळीत ते लपवून वाचवलं गेलं, मग दुरुस्तीसाठी इटलीला नेलं. तिथे पानं सुटी केली, साफ केली, पुन्हा शिवली, नवी बांधणी केली. पोपनी जाताना ते सोबत नेलं आणि काराकोशला परत दिलं. ज्यांचं सगळं जळलं, त्यांच्या हातात त्यांचंच पुस्तक.

यझिदींचं काय? त्यांच्याबद्दल पोप बोलले का?

बोलले, पहिल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या महालात आणि पुन्हा ऊरला. ३ ऑगस्ट २०१४ ला सिंजारमध्ये यझिदी पुरुषांची कत्तल झाली, हजारो बायका-मुली गुलाम म्हणून विकल्या गेल्या. त्यातूनच सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांची कहाणी वाचून इराकला जाण्याचा विचार मनात घट्ट झाला, असं पोप विमानात म्हणाले. किती तरी यझिदी मुली अजून घरी परतलेल्या नाहीत.

आपला, महाराष्ट्राचा, या सगळ्याशी काय संबंध?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो.

ऊरच्या राजकबरी १९२० च्या दशकात लिओनार्ड वुली यांनी खणल्या, तेव्हा कार्नेलियनचे लाल मणी निघाले. ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने समुद्रमार्गे गेलेले. म्हणजे अब्राहामच्या गावाशी या उपखंडाचा व्यापार अब्राहामच्याही आधीचा.

सहाव्या शतकातला कॉस्मास नावाचा ग्रीक प्रवासी लिहून गेलाय की, ‘कल्लियाना’ बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असतो. हे आपलं ठाण्याच्या खाडीवरचं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. पर्शियाची ती मंडळी म्हणजे मेसोपोटेमियातून चालणारं पूर्वेचं चर्च, कॅल्डियन ज्याचे वारस. पोर्तुगीज वसईत यायच्या हजार वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती प्रार्थना झाली असेल तर ती सिरियाक भाषेतली. आणि आज कल्याणच्याच नावाने सिरो-मलबार कॅथलिकांचा महाधर्मप्रांत आहे. डोंबिवली, वाशी, पिंपरी इथल्या मल्याळी शेजाऱ्यांची कुर्बाना, म्हणजे मिस्सा, आणि बगदादच्या कॅल्डियनांची उपासना या सख्ख्या बहिणी.

मग बगदादी यहुदी. डेव्हिड ससून छळाला कंटाळून बगदाद सोडून १८३० च्या दशकात मुंबईला आले. पुण्याचं ससून रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक, भायखळ्याचं मागेन डेव्हिड हे सिनेगॉग म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, ही सगळी त्या घराण्याची खूण. पुण्यात कॅम्पातलं ‘लाल देऊळ’ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, तिथेच डेव्हिड ससून यांची समाधी आहे. ऊरच्या मांडवात रिकाम्या राहिलेल्या जागेचा एक धागा असा पुण्यात येऊन पोचतो.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत अल-अमारा इथे वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेली फौज होती सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडे गावोगाव संगमरवरी पाट्या आहेत, ‘या गावातून इतके जण महायुद्धास गेले, त्यांतील इतके कामास आले’ अशा. त्यातले कितीक ‘बसऱ्याला’ गेले ते परत आलेच नाहीत.

आणि करबला आपल्याकडे मोहरमला घरी येतंच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. नजफ-करबलाचं दुःख कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने शतकानुशतकं खांद्यावर घेतलंय.

यात्रेनंतर काही बदललं का, की नुसताच सोहळा?

खरं सांगायचं तर दोन्ही. २००३ पूर्वी इराकमध्ये ख्रिस्ती दहा ते पंधरा लाख होते असं धरतात. यात्रेच्या वेळी दोन-तीन लाख उरले असतील, काहींच्या मते त्याहून कमी. चार दिवसांच्या भेटीने गेलेले परत आले नाहीत. २०२३ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी कॅल्डियन प्रमुख कार्डिनल साको यांना मान्यता देणारा जुना आदेशच मागे घेतला. निषेध म्हणून साको बगदाद सोडून कुर्दिस्तानला गेले, ते पुढच्या वर्षी परतले. त्याच २०२३ च्या सप्टेंबरात काराकोशमध्ये लग्नाच्या हॉलला आग लागून शंभराहून जास्त माणसं गेली. ज्या गावाने एवढं सोसलं त्याच्यावर ही वेळ यावी, ती बातमी वाचून माझा हात थरथरला होता.

पण मोसुलमध्ये युनेस्कोच्या देखरेखीखाली अल-नूरी मशीद, तिचा मिनार, अल-ताहेरा आणि ‘घड्याळाचं’ अल-साआ ही चर्चेस पुन्हा उभी राहिली. काम २०२५ मध्ये पूर्ण झालं. मशिदीसाठी आणि चर्चसाठी पैसा दिला संयुक्त अरब अमिरातीने, हात लागले मोसुलच्या तरुण-तरुणींचे, मुस्लिम आणि ख्रिस्ती दोघांचे. हे पोपमुळे झालं असा दावा मी करणार नाही, काम त्यांच्या आधीच सुरू झालं होतं. पण ढिगाऱ्यात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा सगळ्या जगाने पाहिला आणि त्यानंतर मोसुल विसरणं जगाला अवघड गेलं.

मुलांना दाखवायला या यात्रेतलं एकच दृश्य निवडायचं झालं तर कुठलं?

वर्गात मुलं बहुतेक वेळा नजफची गल्ली निवडतात. मी अर्बिलचं निवडतो.

रविवारी दुपारी तिथल्या फ्रान्सो हरीरी स्टेडियममध्ये शेवटची मोठी मिस्सा झाली, दहा हजारांच्या आसपास लोक होते. उपवासकाळातला तिसरा रविवार. येशू मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून देतो तो उतारा वाचला गेला. नंतर पोप अब्दुल्ला कुर्दींना भेटले, २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाल शर्टातल्या चिमुकल्या अ‍ॅलनच्या वडिलांना. बराच वेळ त्यांचं ऐकत बसले.

वेदीशेजारी मरियेची मूर्ती ठेवली होती. करमलेस गावातली, साधीच, आपल्याकडे घराघरांत असते तशी. अतिरेक्यांनी तिचं डोकं आणि हात तोडले होते. लोक परतल्यावर डोकं जागेवर बसवलं. हात मात्र मुद्दाम जोडले नाहीत, तुटलेले तसेच लोंबते ठेवले. मिस्सा संपली, पोपनी अरबीत निरोप घेतला, ‘सलाम, सलाम, सलाम! शुक्रन! अल्लाह मआकुम!’ लोक टाळ्या वाजवत राहिले, आणि कॅमेरा वळला तेव्हा ती मूर्ती तशीच दिसत होती, डोकं सावरलेलं, हात लोंबते.